ब्रूजहून आणलेली लेस

सिंगापुरात पंचवीस वर्षं राहून आपल्याला एकदाही दंड झाला नाही, ही गोष्ट शैलेंद्र खांबेटे कोणी न विचारता सांगत असे. इथल्या मेट्रोत, एमआरटीत, त्याने कधी पाण्याचा घोटही घेतला नाही. लायब्ररीचं पुस्तक उशिरा दिलं नाही. तो राहायचा त्या बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये, इथल्या खाऊगल्लीत, खाऊन झालं की स्वतःचा ट्रे तर तो जागेवर नेऊन ठेवीच, पण शेजारच्या टेबलावर कोणी विसरलेला ट्रेही उचली आणि विसरणाऱ्याच्या पाठीकडे तो दिसेनासा होईपर्यंत बघत राही. एका जहाज कंपनीत तो हिशेब बघायचा. ऑफिसात त्याला सगळे मान देत, आणि जेवायला मात्र कोणी बरोबर नेत नसत.

या माणसाने आयुष्यात एकच कायदा मोडला, तोही मुलाच्या नावावर. आणि मोडला तो असा की पुन्हा जोडता येईना.

सिंगापूरचं पीआर घेतलं, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, मुलाचंही घेतलं, की मुलाला अठरा वर्षांचा झाल्यावर दोन वर्षं लष्करात काढावी लागतात. इथे त्याला नॅशनल सर्व्हिस, एनएस म्हणतात. पीआर घेताना शैलेंद्रला हे ठाऊक होतं. नील तेव्हा पाच वर्षांचा होता, आणि पाच वर्षांच्या मुलाला अठराचा व्हायला पुष्कळ अवकाश असतो असं प्रत्येक बापाला वाटतं. शाळेची फी कमी झाली, घर घेता आलं, सगळं झकास चाललं. मग एका वर्षी महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत, मसालेभाताच्या पंगतीत, विषय निघाला.

“दोन वर्षं फुकट जातात हो,” कोणी म्हणालं. “बरोबरीची मुलं इंजिनियर होतात आणि आपली चिखलात रांगतात.”

“त्याआधीच पुण्याला पाठवायचं. नाव कटतं आपोआप,” दुसऱ्याने जिलबी मोडत सांगितलं.

उंटावरून शेळ्या हाकणारे कुठल्या पंगतीत नसतात? आणि मौज अशी की सल्ला देणाऱ्यांतल्या निम्म्यांना मुलीच होत्या, ज्यांना एनएस नाहीच. पण शैलेंद्रच्या डोक्यात ते शिरलं. वर्ष फुकट जाणं ही कल्पना त्याला दंडापेक्षाही भयंकर वाटे. नील तेव्हा पंधरा वर्षांचा होता. शाळेच्या एनसीसीत होता, शनिवारी स्वतःचा गणवेश स्वतः इस्त्री करायचा आणि आईला हात लावू द्यायचा नाही.

“माझे सगळे फ्रेंड्स जाणार आहेत, बाबा,” तो म्हणाला होता, आणि पुढे इथल्या मुलांच्या इंग्रजीत, “I also go, lah.”

“फ्रेंड्स आज आहेत, उद्या नाहीत. करिअर राहतं,” शैलेंद्र म्हणाला, आणि तिकीट काढलं.

नाव आपोआप कटत नसतं. बाहेर शिकायला पाठवायचं तर आधी परवानगी घ्यावी लागते, हमी द्यावी लागते. शैलेंद्रने ती घेतली नाही, कारण मागितली तर मिळणार नाही अशी त्याला भीती होती. नोंदणीसाठी नोटिसा आल्या, त्यांना उत्तर दिलं नाही. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात तसं झालं. नीलचं पीआर गेलं, आणि त्याचं नाव मात्र राहिलं, ते गुन्हेगारांत. सिंगापुरात पाऊल ठेवलं की अटक, मग दंड किंवा तुरुंग किंवा दोन्ही. ज्या घरात तो वाढला त्या घराचा दरवाजा त्याला बंद झाला, आणि हे होताना त्याला कोणी एका शब्दाने विचारलं नव्हतं.

नील पुण्याला काकांकडे राहिला, तिथून शिष्यवृत्तीवर बेल्जियमला गेला, इंजिनियर झाला, ब्रसेल्सला नोकरीला लागला. म्हणजे करिअर झालं. शैलेंद्र लोकांना सांगताना एवढंच सांगे. सुलेखा, त्याची बायको, काही सांगतच नसे. वर्षातून एकदा, दिवाळीला, तिघं पुण्यात भेटत, आणि परतताना विमानतळावर ती नीलच्या बॅगेच्या मुठीला जुन्या साडीच्या काठाची पट्टी बांधी. तो पंधराव्या वर्षी घरातून निघाला तेव्हाही तिने त्याच काळ्या बॅगेला पट्टी बांधली होती. सगळ्या बॅगा सारख्या दिसतात, बेल्टवर लांबून ओळखू आली पाहिजे, असं तिचं म्हणणं.

मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये सुलेखाच्या पोटात दुखायला लागलं आणि तिने ते महिनाभर ओव्यावर काढलं. तपासण्या झाल्या तेव्हा कर्करोग स्वादुपिंडातून यकृतात पोचला होता. डॉक्टर बाई सभ्य होती. तिने महिन्यांचा आकडा सांगितला नाही, फक्त मुलं कुठे असतात एवढं विचारलं.

नेमका त्याच आठवड्यात नीलचा फोन आला. त्याला बेल्जियमचा पासपोर्ट मिळाला होता. “बाबा, आता सिंगापूरला व्हिसासुद्धा नको. I can just fly.”

“अरे, नाव आहे तुझं कॉम्प्युटरमध्ये! काउंटरवरच धरतील!”

“I know lah. Joke केला.”

शैलेंद्रला त्यात विनोद दिसला नाही. फोन ठेवून तो सुलेखाला म्हणाला, “त्याला कळता कामा नये. कळलं तर पहिल्या विमानाने येईल, आणि तुला भेटायच्या आधी आत जाईल.”

 सुलेखा म्हणाली, “मग आपणच जाऊ.”

केमोच्या दोन खेपांच्या मधल्या दिवसांत, डॉक्टर बाईंची नाराजी पत्करून, ती दोघं पाच दिवसांसाठी ब्रसेल्सला गेली. ऑक्टोबर संपत आला होता. तिथली थंडी सुलेखाच्या पथ्यावर पडली, कारण केस गेलेलं डोकं लोकरीच्या टोपीत झाकता आलं आणि अंग तीन स्वेटरांत. नीलने विमानतळावर मिठी मारली आणि म्हणाला, “आई, किती बारीक झालीस!”

“डाएट करतेय,” ती म्हणाली. “तुझ्या लग्नात बरी दिसले पाहिजे ना.”

रविवारी नील त्यांना आगगाडीने ब्रूजला घेऊन गेला. तासाभराचा प्रवास. जुनं गाव आहे, सगळीकडे कालवे आहेत, आईला आवडेल, असं त्याने महिनाभर ठरवून ठेवलं होतं. खिडकीतून सपाट शेतं, गाई आणि ओळीने उभी झाडं जात होती. सुलेखाने डबा उघडला. तिखटमिठाच्या पुऱ्या तिने नीलच्या छोट्या ओट्यावर पहाटे उठून केल्या होत्या, मध्ये दोनदा खुर्चीवर बसून. नीलने सात-आठ हाणल्या. ती खात नव्हती हे त्याच्या लक्षात आलं नाही. शैलेंद्रच्या आलं, पण तो खिडकीबाहेर बघत राहिला.

स्टेशनाहून गावात चालत जायचं होतं. वाटेत एक तळं लागलं, त्यावर हंस होते, पलीकडे पांढऱ्या भिंतींची जुनी घरं. सुलेखा दर दोनशे पावलांवर “थांब, फोटो काढू” म्हणे आणि बाकावर बसे. नीलला वाटलं, आईला गाव फारच आवडलंय. फोनमध्ये फोटोंचा ढीग झाला. त्यांत ती प्रत्येक ठिकाणी बसलेलीच आहे. हे पुढे नीलला दिसणार होतं, आणि शैलेंद्रला तेव्हाही दिसत होतं.

गाव खरोखरच देखणं होतं, ते नाकारून चालणार नाही. विटांच्या उंच घरांचे पाय पाण्यात सोडलेले होते. मनोऱ्यावरच्या घंटा मध्येच वाजत आणि सगळा चौक वर बघे. शैलेंद्रला त्या सौंदर्याचा रागच आला. उघड्या जखमेवर कोणी अत्तर लावावं तसं ते झोंबत होतं.

मग तिघं कालव्यातल्या होडीत बसली. होडी उघडी होती, सुलेखा मध्ये, एका बाजूला नील. होडीवाला चार भाषांत विनोद करत होता आणि चारही भाषांतले लोक हसत होते. एक फारच बुटका पूल आला तेव्हा तो ओरडला, डोकी सांभाळा! सगळे वाकले. नीलने हसत हसत आईच्या डोक्यावर हात ठेवून तिला खाली दाबलं. टोपी सरकली.

सुलेखाने दोन्ही हातांनी टोपी घट्ट धरली.  आता दिसणार, आता सगळं उघडं पडणार, असं पुलाखालच्या अंधारात शैलेंद्रला वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्याच्या मनाच्या एका कोपऱ्याला तसं व्हावंसंही वाटलं. पूल संपला, उजेड आला. टोपी डोक्यावर होती.

“घाबरलीस?” नील हसत होता.

“हो रे,” सुलेखा म्हणाली, आणि तिने त्याचा हात हातात घेतला तो धक्क्याला लागेपर्यंत सोडला नाही. अठ्ठावीस वर्षांचा पोरगा, पण त्यानेही ओढून घेतला नाही.

होडीतून उतरल्यावर ती लेसच्या दुकानात शिरली. बापलेक बाहेर पुलाच्या कठड्याला टेकून उभे राहिले. नीलचं हसू गेलं होतं.

“बाबा, आईला काय झालंय?”

शैलेंद्रला वाटलं होतं तसा प्रश्न समोर येऊन उभा राहिला. खोटं बोलण्याची त्याला सवय नव्हती. त्याने पाण्याकडे बघितलं. “थायरॉइड,” तो म्हणाला. “आणि उपासांचं ते नवीन खूळ. सांगून ऐकते का?”

“Sure or not?”

दहा वर्षं बेल्जियममध्ये राहून पोराच्या तोंडातलं सिंगापूर गेलं नव्हतं. बेडोकच्या शाळेच्या मैदानावरचा तो प्रश्न होता, मित्रामित्रांतला, उत्तर खरंखुरं येणार असं धरून चालणारा.

“शुअर,” शैलेंद्र म्हणाला.

नीलने मान डोलावली आणि दुकानात गेला. आत सुलेखा एका पांढऱ्या लेसच्या पट्टीवरून बोट फिरवत उभी होती. किंमत बघून तिने ती खाली ठेवली होती. नीलने ती घेऊन टाकली. “अरे, काय करू मी तिचं?” ती म्हणत राहिली, पण पिशवी तिने पर्समध्ये न टाकता हातातच धरली.

परतीच्या गाडीत नीलला आईच्या खांद्यावर डोकं ठेवून झोप लागली. त्याचं वजन त्या खांद्याला पेलत नव्हतं, ते शैलेंद्रला समोरून दिसत होतं. शैलेंद्र उठायला लागला तर तिने नजरेनेच त्याला बसवलं. गेंट स्टेशन गेलं. पुष्कळ वेळाने ती हळूच म्हणाली,

“अहो, सांगूया का त्याला?”

शैलेंद्रने रिकामा डबा पिशवीत सरकवला.

“त्याचं तो ठरवेल ना. येऊ नकोस असं आपण सांगू. पण कळू तरी दे. मला...” ती थांबली. “मला त्याच्याशी खोटं बोलून जायचं नाही.”

“सुलेखा, त्याचं सगळं सुरळीत चाललंय. तुरुंगात गेला तर नोकरी जाईल. एकदा घोळ झालाय, आता पुन्हा नको.”

“घोळ आपण केला होता.”

“म्हणूनच नको म्हणतोय,” तो म्हणाला.

तिने मान वळवली आणि गालाने नीलच्या केसांना स्पर्श केला. हा विषय तिने पुन्हा काढला नाही. पटलं म्हणून नव्हे, ती दमली होती म्हणून. शैलेंद्रने मात्र पटलं असंच धरलं. नवऱ्यांची ही जुनी सोय आहे.

निघायच्या आधी ती नीलच्या खोलीत गेली. कपाटावर ती जुनी काळी बॅग होती, मुठीवरची पट्टी विटून दोरा झालेली. तिने ती सोडवली आणि तिथे ब्रूजची लेस बांधली, दोन पदरी, घट्ट गाठ मारून.

“मी कुठे जाणारे, आई?” नील म्हणाला.

“कुठेही जा. बॅग लांबून दिसली पाहिजे.”

डिसेंबरात सुलेखा अंथरुणाला खिळली. व्हिडिओ कॉलवर ती टोपी घालून, टोपी खटकू नये म्हणून एसी वाढवून, दिवा मागे ठेवून बसे. पुढे आवाज खोल गेला तेव्हा शैलेंद्र सांगे की सर्दी आहे, झोपली आहे, देवळात गेली आहे. आजन्म देवळात न गेलेल्या बाईला त्याने महिनाभर देवळात पाठवलं. एक दिवस ती म्हणाली, “नीलला...” आणि पुढचं बोलली नाही. पाणी हवं का, असं त्याने विचारलं. तिला काय हवं होतं ते त्याला चांगलं ठाऊक होतं. तरी त्याने पाणीच दिलं.

ती जानेवारीत गेली, दुपारी, बेडोकच्या घरात, नीलच्या खोलीत. त्या खोलीत वारा बरा येतो म्हणून ती तिथेच झोपायची. शैलेंद्रने तासभर फोन हातात धरला आणि मग लावला. ब्रसेल्सला सकाळ होती, नील ऑफिसला निघाला होता.

ऐकल्यावर तो ओरडला नाही की रडला नाही. त्याने विचारलं, “केव्हापासून?”

“ऑगस्टपासून.”

“ब्रूजच्या आधीपासून.”

“हो.”

“मी विचारलं होतं तुम्हाला. पुलावर.” मग, “आईलाही हेच हवं होतं?”

इथे एक सोपं खोटं तयार होतं. इतकी बोलल्यावर आणखी एक जड नव्हतं. पण शैलेंद्रला ते बोलता येईना. “नाही,” तो म्हणाला. “गाडीत तिने विचारलं होतं, सांगूया का म्हणून. तू झोपला होतास. मी नको म्हणालो.”

फोनमध्ये ब्रसेल्सच्या रस्त्याचा आवाज येत राहिला. मग नील म्हणाला, “पंधरा वर्षांचा होतो तेव्हाही तुम्ही मला विचारलं नाही.” आणि फोन बंद झाला.

सिंगापुरातल्या मंडाईच्या स्मशानात शैलेंद्रनेच सगळं केलं. मंडळाचे लोक आले होते, जिलबी मोडत सल्ला देणारेही आले होते, आणि मुलगा कसा आला नाही हे त्यांतल्या कोणीही विचारलं नाही. अस्थी घेऊन तो घरी आला. समुद्रात सोडायला बोट ठरवायची होती. तिसऱ्या दिवशी नीलचा फोन आला.

“विसर्जन करू नका. मी येतोय.”

शैलेंद्र खुर्चीतून उठला. “वेडा आहेस का? आता येऊन काय मिळणार? ती आहे का इथे? मी अस्थी घेऊन तिकडे येतो. तुझ्या हाताने कर तिथे.”

“कुठे करू? ब्रूजच्या कालव्यात?” नीलचा आवाज चढला नव्हता, हेच भयंकर होतं. “टूरिस्ट होती ती तिथे. एक दिवसाची. तिचं घर बेडोकला आहे, बाबा. माझं पण.”

“धरतील रे तुला!”

“धरू दे. They ask me serve, I serve. They ask me sit inside, I sit. मग बाहेर आलो की करेन. तोवर अस्थी घरात ठेवा. ह्या वेळी मी ठरवलंय.” आणि मग, अगदी लहानपणीच्या आवाजात, “I should have come home long ago, lah.”

शैलेंद्रने वकिलाला विचारलं. वकील म्हणाला, स्वतःहून आला तर थोडी दया होते, पण आत घेणार हे नक्की धरा. त्याने नीलला विनवण्या केल्या, रागावला, शेवटी पाया पडतो म्हणाला. नीलने फ्लाइटचा नंबर पाठवला आणि दुसरं काही लिहिलं नाही.

चांगी विमानतळावर बाहेर घ्यायला आलेल्या लोकांना काचेतून आतले सामानाचे पट्टे दिसतात. शैलेंद्र काचेशी जाऊन उभा राहिला. सकाळची वेळ होती, गर्दी होती, शाळेच्या सहलीएवढा आवाज होता. फोनवर नीलचा एक शब्द आला होता, लँडेड. त्यानंतर शैलेंद्रने तीनदा फोन लावला, तो लागला नाही. तरी माणसाची आशा चिवट असते. कॉम्प्युटर जुने असतील, इतक्या वर्षांत नाव पुसलं गेलं असेल, काउंटरवरची पोरगी नवीन असेल, असं काय काय त्याच्या मनात येत होतं. त्याने नीलसाठी डब्यात पुऱ्या आणल्या होत्या. त्या त्याने स्वतः केल्या होत्या आणि त्या फुगल्या नव्हत्या.

पट्टा सुरू झाला. बॅगा आल्या. गोरी कुटुंबं, सुटातले लोक, पाठीला पोर बांधलेली एक बाई, एकेक करून सगळे आपापल्या बॅगा उचलून गेले. मग ती आली. काळी, जुनी, एका चाकाने वाकडी. मुठीवर दोन पदरी पांढरी लेस. सुलेखा म्हणाली होती तशीच लांबून दिसली.

बॅग वळणावरून गेली आणि परत आली. तिला कोणी हात लावला नाही. पट्ट्याभोवतीची गर्दी ओसरली, दोन खोकी आणि ती बॅग राहिली. मग खोकीही कोणी नेली. ती पुन्हा पुन्हा शैलेंद्रच्या समोरून जात होती, काचेपलीकडून, हातभर अंतरावरून. शेवटी पट्टा थांबला. एक कामगार आला, त्याने बॅग उतरवली, तिचं लेबल वाचलं, बॅग एका खांबाशी उभी केली आणि निघून गेला.

“माझ्या मुलाची आहे ती!” शैलेंद्र मराठीतच ओरडला आणि त्याने काचेवर हात आपटला. पुन्हा आपटला. आसपासचे लोक मागे सरले. सुरक्षेचा एक तरुण गार्ड लगबगीने आला, नीलच्याच वयाचा असेल.

“Uncle, cannot hit the glass,” तो म्हणाला. “Please step back, uncle.”

पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच त्याला गणवेशातल्या कोणी टोकलं होतं. शैलेंद्रने त्याच्याकडे बघितलं, पुन्हा बॅगेकडे बघितलं, आणि काचेपासून तो हलला नाही.